अंगण खरंच वाकडं असेल तर?

हरलेल्या माणसाला पाण्याच्या पेल्याआधी जी गोष्ट लागते, ती म्हणजे सबब. सामना हरला तर पीच ओलं होतं, परीक्षेत गचका खाल्ला तर पेपर सिलॅबसबाहेरचा होता, आणि निवडणुकीत पडला तर मतदार अजून पुरेसा जागृत झालेला नाही. सबबी सांगण्याच्या बाबतीत आपल्यासारखा उदार समाज शोधून सापडायचा नाही. ऐकून घेण्याच्या बाबतीत मात्र आपण पक्के आहोत. पूर्वजांनी त्यासाठी एक म्हण करून ठेवली आहे आणि ती रबरी शिक्क्यासारखी कुठंही मारता येते. ‘नाचता येईना, अंगण वाकडे.’ शिक्का मारला की फाईल बंद!

माझी शंका अगदी साधी आहे. ही म्हण निघाली त्या दिवशी ते अंगण कुणी मोजून पाहिलं होतं का? एखाद्या गवंड्याला बोलावून पाणसळ लावली होती का? एक बाई नाचताना अडखळली, ती म्हणाली अंगण वाकडं आहे, जमलेली मंडळी हसली आणि घरोघर गेली. एवढ्याशा पुराव्यावर त्या बिचारीची पिढ्यान् पिढ्या बदनामी चालू आहे. मी बँकेतला कारकून. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक निघाला तरी ताळा लागेपर्यंत आम्हाला खुर्ची सोडता येत नाही. आणि इथं एका बाईची अख्खी अब्रू विनाताळा खर्ची पडली, त्याचं कुणाला काही नाही!

हे तत्त्वचिंतन मला सुचण्याचं कारण म्हणजे आमचे चिरंजीव. चिरंजीवांचं वय सतरा, शाखा कॉमर्स (ती परंपरेनं आली), आणि छंद मारामारीचा. घाबरू नका, मारामारी पडद्यावरची. ‘स्ट्रीट फायटर ६’ नावाचा एक खेळ २०२३ साली निघाला आहे. त्यात दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांना लाथाबुक्क्यांनी तुडवतात आणि त्या दोघांचे मालक सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसलेले असतात. माझ्या पिढीला हे नवं नाही. याचाच थोरला भाऊ, म्हणजे ‘स्ट्रीट फायटर २’, १९९१ साली आला आणि पुढं गल्लोगल्लीच्या व्हिडिओ पार्लरांत शाळेच्या दप्तरांची रांग लागली. तिथं हरलेल्याची सबब ठरलेली असे : ‘याचं बटण अडकतं.’ पार्लरवाला त्यावर बटणावर एक गुद्दा मारून दाखवी आणि दुसरं नाणं मागे.

तर चिरंजीव कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या स्पर्धेत उतरले आणि पहिल्याच फेरीत दोन-शून्यनं गारद होऊन घरी आले. चप्पल काढता काढता म्हणाले,

“बाबा, टीव्हीला लॅग होता.”

त्या वेळी आमचे मेहुणे चहाला आलेले होते. मेहुणे एका कारखान्यात पर्चेस ऑफिसर आहेत. सप्लायरांच्या सबबी ऐकण्यात त्यांचे केस पांढरे झाले आहेत. त्यांनी बशी खाली ठेवली आणि शिक्का मारला.

“नाचता येईना, अंगण वाकडे! काय भाऊजी?”

मी कुणाचीच बाजू घेतली नाही. वीस वर्षं काउंटरवर बसल्यावर माणसाला एवढं कळतं की तक्रार खरी की खोटी हे ठरवण्याआधी स्टेटमेंट मागवावं.

‘लॅग’ म्हणजे उशीर. आपल्या ‘लगेच’ या शब्दात तो किती बेमालूम बसवलेला आहे पाहा. कुठल्याही कचेरीत ‘लगेच करतो’ असं म्हणतात, तेव्हा ते इंग्रजीतून म्हणत असावेत. चिरंजीवांचा लॅग मात्र मिलिसेकंदांतला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागातला. या खेळाचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात, म्हणजे एक फ्रेम झाली सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. जुने सोनार जसे गुंजेत बोलायचे, तशी ही मुलं फ्रेममध्ये बोलतात.

आता कन्सोलमधून निघालेलं चित्र तारेतून टीव्हीत शिरलं की पडद्यावर दिसतं, अशी आपली भाबडी समजूत असते. तसं होत नाही. नव्या चपट्या टीव्हीत चित्र शिरलं की आधी त्याला नटवायला बसवतात. पडद्याच्या मापात बसवायचं, कण कण दिसत असतील ते पुसायचे, रंग खुलवायचे, कडा कोरायच्या. काही टीव्ही तर दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र स्वतःच्या मनानं काढून घालतात, म्हणजे हालचाल मऊसूत दिसते. पण मधलं चित्र काढायचं तर पुढचं चित्र हातात यायला हवं, म्हणून हे साहेब पहिलं धरून दुसऱ्याची वाट बघत बसतात. सिनेमा बघताना यानं काहीच बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवून धरता येतो. नायकाचा अश्रू दहाव्या भागानं उशिरा ओघळला तर आपल्याला काय कळणार? पण खेळात बटण दाबणारा माणूस पडद्याबाहेर ताटकळत उभा असतो. नवरी नटून मांडवात येईपर्यंत मुहूर्त टळलेला असतो.

जुन्या डबा टीव्हीत ही भानगड नव्हती. त्यात मेकअपची खोलीच नव्हती! सिग्नल येईल तसा मागून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एकेक ओळ ओढत जायचा. चित्र थांबवून धरायचं म्हटलं तरी ठेवायला जागा नाही. म्हणून अमेरिकेत २००१ सालचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ नावाचा खेळ खेळणारी जमात अजूनही स्पर्धेच्या ठिकाणी ते पोट सुटलेले डबा टीव्ही गाडीत घालून घेऊन येते. आम्ही आमचा भंगारवाल्याला दिला, आणि तो जिन्यावरून उतरवून न्यायचे पैसे कापून घ्या म्हणून वर त्याच्याशी अजिजी केली. जगात काय कशाला चढेल, काही भरवसा नाही.

“ते सगळं ठीक आहे,” मेहुणे म्हणाले. “पण सेकंदाचा दहावा भाग! एवढ्यात काय आभाळ कोसळतं?”

आता हा प्रश्न हिशेबाचा होता आणि हिशेब म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी कॅलेंडरचं मागचं पान घेतलं. चिरंजीव आकडे सांगत गेले, मी मांडत गेलो.

या खेळात बसून बचाव करणाऱ्याला वरून हाणण्याचा एक फटका असतो. तो अडवायचा तर उठून उभं राहावं लागतं. फटका मारणारा हात उगारतो तिथपासून तो लागेपर्यंत वीसेक फ्रेम जातात. म्हणजे बचाव करणाऱ्याच्या खात्यात सुरुवातीची शिल्लक ३३३ मिलिसेकंद. डोळ्यानं बघून बोट हलवायला धडधाकट तरुण माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. आपण २२० धरू. उरले ११३. दाबलेलं बटण कन्सोलपर्यंत पोचून खेळानं त्याची दखल घ्यायला आणखी चारेक फ्रेम, म्हणजे ६५ वजा. उरले ४८. ही झाली देवानं आणि खेळ करणाऱ्यानं ठेवलेली शिल्लक. आता टीव्ही. टीव्हीनं नटणंमुरडणं सोडून चित्र निमूटपणे दाखवलं तर तो १५ घेतो. उरले ३३, म्हणजे दोन फ्रेम. चपळ मुलाला तेवढे पुरतात. पण टीव्ही नटायला बसला आणि १०० घेऊन गेला तर? खातं ५२ नं ओव्हरड्राफ्ट!

मी कागद मेहुण्यांपुढं सरकवला. या खात्यावर चेक कितीही सुंदर अक्षरात लिहिला तरी तो परत येणार. मुलगा झोपला नव्हता, त्याचं लक्ष होतं, त्यानं दिलेलं उत्तरसुद्धा बरोबर होतं. फक्त तोवर प्रश्न बदललेला होता.

पण पर्चेस ऑफिसर एका कोटेशनवर ऐकत नसतो. मेहुण्यांनी दुसरा मुद्दा काढला आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार होता.

“टीव्ही दोघांना एकच होता ना? मग उशीर त्यालाही तेवढाच. अन्याय कुठं झाला?”

आपल्याकडे समान अन्याय हा न्यायाचा सर्वमान्य प्रकार आहे. सगळ्या चाळीचं पाणी गेलं की आपण शांत असतो. शेजाऱ्याचं येतंय असं कळलं की मोर्चा निघतो. त्यामुळं मेहुण्यांचा मुद्दा ऐकताक्षणीच पटतो. अडचण एवढीच की तो बरोबर नाही.

समजा, एखाद्या बँकेनं ठरवलं की उद्यापासून शटर एक तास आधी पडणार. नियम सगळ्यांना सारखा. पण समोरच्या बिल्डिंगीत राहणारा गॅलरीतून उतरून काम उरकून जातो आणि सकाळच्या एसटीनं निघालेला म्हातारा बंद शटरपुढं उभा राहतो. कापलेला तास दोघांचा. बुडालेला फक्त एकाचा. इथं तसंच आहे. फटका मारणाऱ्यानं मारायचं आधीच ठरवलेलं असतं. त्याला काही बघायचं नसतं. बघायचं असतं ते अडवणाऱ्याला. त्यामुळं टीव्हीनं घेतलेला प्रत्येक मिलिसेकंद हा बघणाऱ्याच्या खात्यातून जातो. आपला ठोसा लागला की नाही हे पाहून पुढचं ठरवणारा सावध खेळाडूही तसाच बुडतो. फायद्यात राहतो तो डोळे मिटून अंदाजानं हात चालवणारा. म्हणजे उशीर दोघांना सारखा असला तरी तो तटस्थ नसतो. तो आंधळेपणाच्या बाजूनं असतो. जिथं चित्र उशिरा येतं, तिथं लक्ष देऊन बघण्याला किंमत उरत नाही.

आणि हे कळल्यावर, वाचकहो, मला त्या खेळाविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. कारण लक्ष देऊन बघणं एवढ्याच भांडवलावर माझी नोकरी चालली आहे.

मेहुण्यांनी मग मोबाईलवर एक जुना व्हिडिओ लावला. २००४ साली कॅलिफोर्नियात झालेल्या ‘इव्हो’ स्पर्धेतला, ‘स्ट्रीट फायटर ३’चा. जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोच्या माणसाचा प्राण इतका कंठाशी आलेला की साधा बचाव करूनही तो मेला असता. आणि वाँगनं सोडला लाथांचा सडा. दाइगोनं एकामागून एक पंधरा लाथा, प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणाला दांडी पुढं ढकलून, परतवल्या आणि उलट मारून तो डाव जिंकला. प्रेक्षकांनी केलेला गलका मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरातूनही अंगावर येत होता.

“बघ! यानं सांगितली का सबब?”

“मामा,” चिरंजीव म्हणाले, “डोळा आणि हात यांचा मेळ असला तरच असलं जमतं. तुम्ही तबल्याला बसायचा ना? लेहरा अर्धी मात्रा मागून ऐकू आला तर?”

मेहुणे तरुणपणी तबल्याच्या तीन परीक्षा झाले आहेत. ते गप्प झाले. त्यांच्या डोळ्यांपुढं कोणत्या तरी संमेलनातला कोणता तरी माईकवाला उभा राहिला असावा.

“पण सवय करता येते,” थोड्या वेळानं ते म्हणाले.

येते. उशीर ठरावीक असेल तर माणूस त्याची सवय करतोच. लोकलची करतो, पोस्टाची करतो. पण घरचा उशीर वेगळा आणि दारचा वेगळा असला की घरी कमावलेली सवयच परक्या टीव्हीपुढं पाय ओढते. म्हणून तर मोठ्या स्पर्धांतून भिंतभर टीव्ही प्रेक्षकांना आणि टेबलावरचे छोटे चपळ मॉनिटर खेळाडूंना, अशी वाटणी असते. गॅदरिंगच्या संयोजकांनी बिचाऱ्यांनी हौसेनं भिंतभर टीव्ही खेळाडूंपुढंच मांडला होता.

आता राहिलं मोजमाप. चिरंजीवांनी मोबाईलचा कॅमेरा संथगतीवर लावला. हा सेकंदाला २४० चित्रं घेतो. मग कंट्रोलरवरचा अंगठा आणि टीव्हीचा पडदा दोन्ही एकदम दिसतील असं चित्रण केलं. बटण दबलेलं दिसतं तिथपासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंत किती चित्रं जातात ती मोजायची. मोजणीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. नोटा मोजण्याची सवय कुठं कशी कामाला येईल सांगता येत नाही. आमच्या घरचा टीव्ही नटूनथटून असताना आकडा आला ४८. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ नावाची एक सोय असते, ती चालू केली. आकडा आला २८. अंगठा तोच, कन्सोल तोच, खेळ तोच. फरक २० चित्रांचा, म्हणजे ८३ मिलिसेकंदांचा, म्हणजे बरोबर पाच फ्रेमचा. हा फरक दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकताच येत नाही. मी दोनदा मोजलं, मेहुण्यांनी एकदा मोजलं. ताळा लागला.

त्याआधी आम्ही तिघं नवा मॉनिटर बघायला दुकानातही जाऊन आलो होतो. दुकानदारानं खोक्यावरचा आकडा दाखवला.

“साहेब, एक मिलिसेकंद! याच्या खाली काही येतच नाही.”

चिरंजीव हळूच म्हणाले, “बाबा, तो वेगळा. पडद्यावरचा ठिपका एका रंगातून दुसऱ्या रंगात किती वेळात जातो, त्याचा आहे तो. चित्र किती उशिरा आलं ते खोक्यावर लिहीतच नाहीत.”

मला एकदम उमगलं. आमच्या शाखेत एक सद्गृहस्थ आहेत. एन्ट्री मारायला बसले की विजेसारखा हात. पण बसतात अकरा वाजता. त्यांच्या खोक्यावरही ‘एक मिलिसेकंद’च लिहिलेलं आहे. आम्ही दुकानदाराला ‘लगेच कळवतो’ म्हणून सांगितलं आणि बाहेर पडलो. गेम मोड घरच्या टीव्हीत फुकट होता.

फुकट म्हणजे अगदीच फुकट नव्हे. गेम मोडमध्ये टीव्ही नटणं सोडतो, त्यामुळं चित्र जरा उघडंबोडकं दिसतं. रात्री साडेआठला सौ.नी मालिका लावली आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असा प्रश्न विचारला.

“अहो, हिचं तोंड असं उतरल्यासारखं का दिसतंय?”

नायिकेच्या सासरचं पाहता ते साहजिक होतं. पण दोष गेम मोडचा निघाला. मग घरात तंटा सुरू झाला. सौ.ना सुंदर चित्र हवं, चिरंजीवांना वेळेवरचं. दोन्ही एकदम मिळत नाही, हीच खरी मेख आहे. सत्य उघडंबोडकं असतं तेव्हा ते वेळेवर येतं. त्याला जरा बरं दिसायला बसवलं की शिळं होतं. आम्ही तिघंही रिमोटवर झडप घालायला शिकलो. पुढं कळलं की २०१७ साली आलेल्या एचडीएमआय २.१ या मानकात यावरही तोड काढलेली आहे. त्यातली सोय असलेला कन्सोल त्याच तोडीच्या टीव्हीला आपण होऊन सांगतो की आता खेळ चाललाय, नटू नकोस. खेळ संपला की टीव्ही पुन्हा पावडर-कुंकू करतो. नवराबायकोतले बाकीचे तंटेही एका तारेनं मिटवता आले असते तर कोर्टं ओस पडली असती. आमचा टीव्ही मात्र त्या तोडीचा नाही. आमच्याकडे अजून रिमोटच चालतो.

पण हिशेब जुळला म्हणून प्रश्न सुटला असं नाही. टीव्हीनं पाच फ्रेम खाल्ल्या हे सिद्ध झालं. पण पाच फ्रेम मिळाल्या असत्या तर चिरंजीव जिंकले असते, हे कुठं सिद्ध झालं? मेहुणे नेमके तिथंच बोट ठेवून बसले होते, आणि त्यांचं बोट योग्य जागी होतं. अंगण वाकडं असणं आणि नाचता न येणं या दोन गोष्टी एकाच घरात सुखानं नांदू शकतात. मग सबब कुठली आणि कारण कुठलं, हे ओळखायचं कसं?

उत्तर मिळालं ते पुढच्या रविवारी. ती स्पर्धा जिंकलेला मुलगा आमच्याकडे खेळायला आला. किडकिडीत, चष्मेवाला, मला वाकून नमस्कार करणारा. (मारामारीचा छंद असलेली मुलं इतकी नम्र कशी असतात, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) खुर्चीवर बसायच्या आधीच त्यानं विचारलं,

“काका, टीव्ही गेम मोडवर आहे ना?”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. वाकड्या अंगणात जिंकलेला हा माणूस! त्याला सरळ अंगण कशाला हवं? मी तसं विचारलंही.

“त्या दिवशी मजा नाही आली, काका. मी नुसता अंदाजानं मारत होतो, आणि लागत होतं. माझं मलाच कळत नव्हतं का लागतंय ते.”

मग ते दोघं खेळले. दीड तास खेळले. वरून येणारा तो फटका चिरंजीवांनी या खेपेला बऱ्याचदा अडवला. चष्मेवाल्यानं मग फटके बदलले, चिरंजीवांनी बचाव बदलला, आणि शेवटच्या सामन्यात तीन-दोन असे चिरंजीव हरले. मेहुणे, ज्यांचं आपल्याकडे काही काम नव्हतं आणि तरी जे आलेले होते, त्यांनी तत्परतेनं चौकशी केली, “आता कसला लॅग?”

“कसलाच नाही, मामा,” चिरंजीव म्हणाले. “आता मी हरलो.”

हे सांगताना त्याचा चेहरा मी पाहिला. महिनाअखेरीला ताळा लागल्यावर होतो तसा होता.

माझ्या मते सगळी गोम तिथं आहे. कारण आणि सबब या दिसायला जुळ्या बहिणी आहेत. शब्द तेच, सूर तोच. फरक एकाच ठिकाणी कळतो : ती काढून टाकायची वेळ आली की. ज्याला खरंच कारण नडत असतं, तो ते दूर व्हावं म्हणून कॅमेरे लावतो, चित्रं मोजतो, रिमोटसाठी जन्मदात्या आईशी भांडतो. मग ते दूर झाल्यावर हरला तरी त्याला चालतं, कारण ती हार तरी त्याची स्वतःची असते. ज्याची सबब असते, तो तिला तुळशीसारखं पाणी घालतो.

आमच्या शाखेतले आणखी एक सहकारी होते. आता निवृत्त आहेत. त्यांच्या काउंटरवर कुणीही आलं की ‘लिंक नाही’ हे वाक्य तयार. खोटंही नव्हतं ते. त्या काळी लिंक खरोखरच दिवसातून चारदा जायची. पुढं नवी लाईन आली, मशिनं बदलली, सगळं झटपट होऊ लागलं. शाखेनं पेढे वाटले. ह्या गृहस्थांनी पेढा घेतला, पण त्यांच्या तोंडावरची कळा अशी की घरातलं कुणी गेलंय. आठ दिवस त्यांचं कशात लक्ष लागेना. नवव्या दिवशी समोरच्या माणसाला ते काय म्हणाले, माहीत आहे? ‘प्रिंटर नाही.’ त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं.

तेव्हा त्या म्हणीशी माझं भांडण नाही. पूर्वजांनी विचार करूनच ती केली असेल. मला तिला फक्त एक पोटनियम जोडायचा आहे. शिक्का मारण्याआधी अंगणाला पाणसळ लावावी, आणि पाणसळ म्हटल्याबरोबर कोण काय करतं ते नीट पाहावं. एक जण स्वतः उठून गवंड्याला बोलवायला धावेल. त्याला नाचता येत असेल किंवा नसेल, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हरकत नाही. दुसरा म्हणेल, ‘कशाला उगीच, राहू दे.’ त्याचं अंगण मोजायची गरज नाही.

मी हा पोटनियम मेहुण्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो ताबडतोब उतरवून घेतला. म्हणाले, सप्लायर लोकांना लावून पाहतो. चार दिवसांनी भेटले तेव्हा मी विचारलं, कसा काय लागू पडला? मेहुणे म्हणाले, “भाऊजी, तिघांना विचारलं, उशीर का होतो ते येऊन मोजू का? दोघं म्हणाले, राहू दे. तिसरा म्हणाला, आजच या.”

“मग?”

“मग काय! त्याच्याकडे खरंच रस्ता खराब आहे हो.”